वावरातून घरी आल्यावर पाहायचा इंडिकेटर : मॅकडी कसा वाचायचा

आमच्या इकडं मॅकडी म्हटलं का निम्मी पोरं म्हणते, भाऊ ते बर्गरवालं काय, नागपुरात हाय ते? ते नाही. शेअरच्या चार्टखाली लावायचा हा एक इंडिकेटर आहे, म्हणजे भावावरूनच हिशोब करून काढलेली खूण. एम ए सी डी अशी चार अक्षरं, पूर्ण नाव मूव्हिंग ॲव्हरेज कन्व्हर्जन्स डायव्हर्जन्स, आणि शिकवणाऱ्यांनी त्याचं मॅकडी करून टाकलं तं आपणही मॅकडीच म्हणू. जेराल्ड ॲपेल नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकाच्या शेवटी हे काढलं, त्याच्यासोबत जे उभे दांडे दिसतात तो हिस्टोग्राम थॉमस ॲस्प्रे यांनी १९८६ मध्ये जोडला. इतिहास इथंच संपवतो, कारण माझ्यासारख्या माणसाले त्याच्याशी काय करायचं, आपल्याला एवढंच पाहायचं का भाव चालून राहिला, थांबला, का उलटला.

मी हे कोणासाठी लिहून राहिलो ते आधी सांगतो. गावात राहता, वावर आहे किंवा दुकान आहे, डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) लॉकडाऊनमध्ये किंवा त्यानंतर उघडलं, दोन-चार शेअर कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतले आणि आता ते लाल दिसून राहिले, आणि चार्ट उघडला का फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्यासारखं वाटते. तुमच्यासाठी. ज्याला दिवसभर स्क्रीनसमोर बसून पाच मिनिटाच्या कॅन्डलवर (चार्टवरचा एक ठोकळा, तेवढ्या वेळातला भाव दाखवणारा) खेळायचं आहे त्यानं दुसरीकडं पाहावं, मले ते जमलं नाही आणि काहून जमलं नाही ते खाली येईलच.

आधी कापसावर समजून घ्या, मंग शेअरवर

मूव्हिंग ॲव्हरेज म्हणजे मागच्या काही दिवसांची सरासरी, रोज एक पाऊल पुढं सरकणारी. मॅकडीत जी वापरतात ती एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ईएमए. तिच्यात आजच्या भावाला जास्त मान, कालच्याला त्याहून कमी, परवाच्याला आणखी कमी. नियम सोपा आहे: कालची सरासरी घ्यायची, आजचा भाव तिच्यापासून किती दूर आहे ते पाहायचं, आणि त्या अंतराचा ठरलेला हिस्सा सरासरीत मिळवायचा (भाव खाली असला तं वजा करायचा). हिस्सा किती, तं २ भागिले दिवस अधिक १. तीन दिवसांची सरासरी असली तं २ भागिले ४, म्हणजे अर्धा. सात दिवसांची असली तं २ भागिले ८, म्हणजे पाव. बस, ईएमए एवढाच आहे, बाकी सगळं मोबाइल करते.

आता हे खरंच वहीवर करून पाहा, मी सांगतो म्हणून नाही, एकदा हातानं केल्याशिवाय हा इंडिकेटर डोक्यात बसत नाही. समजा अडत्याकडं कापूस बरेच दिवस ७००० वर अडकून आहे. दोन्ही सरासऱ्या, तीन दिवसांची जलद आणि सात दिवसांची सावकाश, दोन्ही ७००० वरच आल्या. मंग भाव चालला: ७१००, ७२००, ७३००, आणि तिथं थांबला, पुढचे तीन दिवस ७३०० च. जलद सरासरीतून सावकाश सरासरी वजा केली तं जे अंतर उरते तीच मॅकडी लाइन. हे पाहा:

पहिला दिवस, भाव ७१००: जलद ७०५०, सावकाश ७०२५, अंतर २५
दुसरा दिवस, भाव ७२००: जलद ७१२५, सावकाश ७०६९, अंतर ५६
तिसरा दिवस, भाव ७३००: जलद ७२१२, सावकाश ७१२७, अंतर ८६
चौथा दिवस, भाव ७३००: जलद ७२५६, सावकाश ७१७०, अंतर ८६
पाचवा दिवस, भाव ७३००: जलद ७२७८, सावकाश ७२०२, अंतर ७६
सहावा दिवस, भाव ७३००: जलद ७२८९, सावकाश ७२२७, अंतर ६२

पैसे मी सोडून दिले, पूर्ण आकडेच ठेवले, त्यामुळं वजाबाकी कुठं एखाद्या रुपयानं इकडंतिकडं वाटली तं चुकलं समजू नका.

आता पाचव्या दिवसावर बोट ठेवा. भाव एक रुपयाही पडला नाही. पण अंतर ८६ वरून ७६ वर आलं. मॅकडी तुम्हाला भाव सांगत नाही, भावाचा दम सांगते. बैलजोडी चढावर बंडी ओढून राहिली, बंडी अजून पुढंच जाऊन राहिली, पण मागून चालणाऱ्याला बैलाच्या मानेवरून समजते का आता पहिल्यासारखा जोर नाही.

दुसरी लाइन राहिली, सिग्नल लाइन. ती म्हणजे या अंतराचीच पुन्हा सरासरी. वरच्या अंतरांची तीन दिवसांची ईएमए काढली (पहिल्या दिवसाच्या आधी अंतर शून्य होतं) तं क्रमानं साडेबारा, ३४, ६०, ७३, ७४ आणि ६८ येतात. मॅकडीतून सिग्नल वजा करा: साडेबारा, २२, २६, १३, १, आणि सहाव्या दिवशी उणे ६. हे शेवटचे आकडे म्हणजे ते उभे दांडे, हिस्टोग्राम. तिसऱ्या दिवशी सर्वात उंच, चौथ्या दिवशी अर्धा, पाचव्या दिवशी नावाले उरला, सहाव्या दिवशी शून्याच्या खाली. आणि ज्या दिवशी खाली गेला त्याच दिवशी मॅकडी लाइननं सिग्नल लाइनला वरून खाली कापलं. यालाच लोक निगेटिव्ह क्रॉसओव्हर म्हणतात, आणि ग्रुपवर मेसेज येतो, विका विका, मॅकडी कटला.

पण भाव? भाव ७३०० च आहे ना बाप्पा. पडला कुठं. क्रॉसओव्हर म्हणजे भाव पडणार असं नाही, चढायचा वेग संपला एवढंच. सातव्या दिवशी भाव ७४५० झाला तं हीच लाइन पुन्हा वर वळणार. ही गोष्ट ज्याच्या वहीत उतरली त्याला पुढचं सगळं सोपं जाईल, म्हणून मी इथं एवढा वेळ घेतला.

खऱ्या चार्टवर तीन आणि सातच्या जागी १२ आणि २६ असते, सिग्नलसाठी ९. हिशोब तोच, हिस्से फक्त लहान होतात: १२ साठी २ भागिले १३, म्हणजे साधारण १५ टक्के, २६ साठी साडेसात टक्क्यांच्या थोडं आत, ९ साठी २० टक्के.

चार्ट लावायचा

डिमॅट उघडताना ब्रोकर सेबीकडं (शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेला आहे का ते पाहा, एवढं एक पाहिलं तं अर्धी फसवणूक टळते. आमच्या भागात कोणी तरी तालुक्याहून येते, म्हणते मले पैसे द्या, मी ट्रेडिंग करून महिन्याला पाच टक्के देतो. त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

ब्रोकरच्या ॲपमधलाच चार्ट चालतो, नाही तं ट्रेडिंगव्ह्यू नावाची चार्टची साइट फुकट आहे. कंपनी उघडा, टाइमफ्रेम एक दिवस करा, म्हणजे एक कॅन्डल म्हणजे एक दिवस. इंडिकेटरमध्ये जाऊन एमएसीडी शोधा, टाका. खाली वेगळा डबा उघडते, त्यात दोन लाइन, दांडे आणि मधोमध शून्याची आडवी रेघ. १२, २६, ९ जसं आहे तसंच ठेवा. नवीन माणूस पहिला तोटा झाला का सेटिंगले हात घालते, ८, १७, ९ करते, ५, ३५, ५ करते, मागच्या चार्टवर जे छान बसते ते ठेवते आणि पुढच्या महिन्यात ते बसत नाही. मीही केलं आहे हे, दोन महिने गेले त्यात.

कंपनी कोणती? सुरुवातीला निफ्टी ५० (बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी) मधल्याच घ्या, फार तं निफ्टी १०० पर्यंत जा. कारण असं का तिथं रोज घेणारे-विकणारे भरपूर, त्यामुळं सरासरीला काही अर्थ राहते. चार रुपयाचा, सहा रुपयाचा शेअर, ज्याला दोन दिवस अप्पर सर्किट (दिवसाची वरची हद्द, तिच्यापुढं भाव जात नाही) आणि मंग आठ दिवस लोअर सर्किट (तशीच खालची हद्द), त्याच्यावर मॅकडी लावणं म्हणजे आठवडी बाजारात एकाच माणसाजवळ वांगे असताना वांग्याचा ट्रेंड काढण्यासारखं आहे. नुकताच लिस्ट झालेला आयपीओही (बाजारात पहिल्यांदाच आलेला शेअर) सोडा, २६ आणि ९ चा हिशोब बसायला साधारण ३४ कॅन्डल लागतात, त्याआधी तिथं लाइनच दिसत नाही, दिसली तं भरवशाची नसते.

आणखी एक चूक लय जण करतात, दोन कंपन्यांची मॅकडी एकमेकाशी तोलतात. एकीची ४ आहे, दुसरीची ९० आहे, म्हणजे दुसरी जोरात. नाही. तो आकडा रुपयांत असते, १५० च्या शेअरमध्ये ४ लय झाले आणि ९००० च्या शेअरमध्ये ९० काहीच नाही. ज्याची त्याच्याशीच तुलना, त्याच शेअरच्या मागच्या वर्षभराशी.

वाचायचं कसं

मी शून्याच्या रेघेपासून सुरू करतो, क्रॉसओव्हरपासून नाही. मॅकडी लाइन शून्याच्या वर म्हणजे १२ ची सरासरी २६ च्या वर, म्हणजे अलीकडचा भाव जुन्यापेक्षा चढा, म्हणजे हवा वरची आहे. शून्याच्या खाली असली तं हवा खालची. एवढंच आधी पाहायचं आणि चार्ट बंद केला तरी चालते.

त्यानंतर क्रॉसओव्हर, आणि तो शून्याच्या कोणत्या बाजूला झाला याले माझ्या लेखी सगळ्यात जास्त किंमत आहे. लाइन शून्याच्या वर असताना थोडी खाली वळली, सिग्नलच्या खाली गेली, आणि शून्याला न टेकता पुन्हा सिग्नलला कापून वर आली, तं तो चालू तेजीतला दम खाऊन पुन्हा उठणं आहे. मी असेच घेतो, जास्तीत जास्त असेच. उलट शून्याच्या बऱ्याच खाली पॉझिटिव्ह क्रॉसओव्हर (लाइननं सिग्नलला खालून वर कापणं) झाला तं लोक म्हणतात स्वस्तात मिळून राहिला, घ्या. असते कधी कधी. पण बरेचदा ती पडत्या शेअरची एक उसासा घेतल्यासारखी उसळी असते आणि आठ दिवसांनी नवा नीचांक दिसते. नवीन माणसानं शून्याखालचे क्रॉसओव्हर पहिलं वर्षभर फक्त पाहावे.

हिस्टोग्रामचे दांडे लहान होऊन राहिले म्हणजे वेग कमी होऊन राहिला, आपण कापसात पाहिलंच. दांडे लहान झाले म्हणून मी विकत नाही. फक्त त्यावर नवीन माल घेत नाही, आणि स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा थांबवायला विकून टाकायचं तो आकडा) थोडा वर ओढून घेतो.

डायव्हर्जन्सबद्दल थोडक्यात: भावानं नवीन उंची गाठली पण मॅकडीनं आपली मागची उंची गाठली नाही, तं जोर कमी आहे अशी खूण. खूणच आहे, तारीख नाही. कित्येकदा डायव्हर्जन्स दिसल्यावरही शेअर दोन-दोन महिने चढतच राहते आणि आधीच विकून बसलेला माणूस पाहत राहते.

आठवड्याचा चार्ट आधी, दिवसाचा नंतर, हा क्रम पाळा. शनिवारी-रविवारी टाइमफ्रेम एक आठवडा करून पाहायचं, तिथं लाइन शून्याच्या वर आहे का, आणि सिग्नलच्याही वर आहे का. असली तरच तो शेअर पुढच्या आठवड्याच्या यादीत. मंग सोमवार ते शुक्रवार रात्री जेवण झाल्यावर फक्त यादीतल्या आठ-दहा शेअरचा दिवसाचा चार्ट. मार्केट सव्वानऊला उघडते आणि साडेतीनला बंद होते, म्हणजे रात्री कॅन्डल पूर्ण झालेली असते. चालू दिवसात दुपारी बाराला जो क्रॉसओव्हर दिसते तो साडेतीनला गायब झालेला मी कितीदा तरी पाहिला, कारण कॅन्डल अर्धी असते, भाव हलला का लाइनही हलते. शेतकऱ्यासाठी याहून सोयीचं काय पाहिजे सांगा, दिवसा पाहायचंच नाही.

जिथं मी पडलो

पहिल्या वर्षी मले हे सगळं माहीत नव्हतं. तूर विकली होती, चाळीस हजार हातात होते, एक मध्यम कंपनीचा शेअर पकडला आणि पंधरा मिनिटाच्या चार्टवर मॅकडी लावली. कटला का घ्या, कटला का विका. शेअर दोन आठवडे एकाच पट्ट्यात, सव्वादोनशे ते दोनशे तीस, तिथंच वरखाली. लाइन शून्याच्या आजूबाजूला गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी, रोज दोनदा-तीनदा कापायची. कापायची तेव्हा भाव पट्ट्याच्या वरच्या टोकाला आलेला असायचा, मी घ्यायचो, आणि मंग तो खाली. खालच्या टोकाला कापायची, मी विकायचो, आणि मंग तो वर. एक दिवस तं पाठीवर पंप, तोंडाला फडकं बांधलेलं, हाताले औषध लागलेलं, आणि मोबाइलचा अलर्ट वाजला. हात धुवायला विहिरीपर्यंत गेलो, ॲप उघडलं, रेंज एकच काडी, ऑर्डर गेली का नाही तेच समजेना, पुन्हा दाबलं, आणि दोन ऑर्डर गेल्या. दोन आठवड्यात सहा हजारांच्या जवळ गेले, त्यातला बराचसा वाटा तं ब्रोकरेज आणि टॅक्समध्येच. घरी सांगितलं नाही, चुलत भावाले सांगितलं, तो पानठेल्यावर सगळ्याले सांगून मोकळा झाला.

दोष इंडिकेटरचा नव्हता. मॅकडी सरासरीवर बनलेली आहे आणि सरासरी ही मागून येणारी गोष्ट आहे, भाव एका दिशेनं चालला तरच तिचा फायदा. भाव आडवा असला, साइडवेज, तं ती उशिरा सांगते आणि तोवर भाव परत फिरलेला असते. यालाच व्हिपसॉ म्हणतात.

आडवा बाजार ओळखायचा कसा? चार्ट लहान करा, मागचे सहा महिने एका नजरेत घ्या. मॅकडी लाइन शून्याला पुन्हा पुन्हा कापून राहिली, डोंगर-दरी काही दिसत नाही, दांडे बुटके आणि महिन्यात तीन-चारदा रंग बदलून राहिले, तं तो शेअर सोडा. हात लावू नका. दुसरा पाहा, निफ्टी ५० मध्ये ५० आहेत, आणि एकही नीट दिसत नसला तं त्या आठवड्यात काही घ्यायचं नाही, पाऊस नसताना पेरतो का आपण.

घ्यायचं किती आणि कुठं सुटायचं

हा भाग मॅकडी सांगत नाही, तो आपला आपल्यालाच ठरवायचा. समजा खात्यात ४०००० आहेत. एका सौद्यात २ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाही असं ठरवा, म्हणजे ८०० रुपये. शेअर ५०० ला मिळून राहिला, आणि चार्टवर अलीकडचा जो तळ दिसते, जिथून भाव उठला, तो ४८० आहे. त्याच्या खाली गेला तं आपला अंदाज चुकला. म्हणजे एका शेअरमागे धोका २० रुपये, ८०० भागिले २०, चाळीस शेअर, २०००० रुपयांचे. तळ ४७० ला असता तं धोका ३० रुपये, मंग २६ च शेअर. तळ जितका दूर, माल तितका कमी. लोक उलटं करतात, आधी खात्यात जेवढे आहेत तेवढ्याचे शेअर घेतात आणि मंग स्टॉपलॉस कुठं लावू म्हणून विचारतात.

घेण्याची ऑर्डर रात्रीच आफ्टर मार्केटमध्ये (बाजार बंद असताना टाकायची सोय) लिमिट, म्हणजे आपला भाव, लावून टाका, मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर नको, सकाळी शेअर वीस रुपये वर उघडला तं तुम्ही तिथंच अडकाल. नाही मिळाला तं नाही मिळाला. शेअर खात्यात आल्यावर स्टॉपलॉसची जीटीटी (ठरलेल्या भावाला, म्हणजे ट्रिगरला, आपोआप सुटणारी ऑर्डर) लावून ठेवा, बऱ्याच ब्रोकरकडं ही सोय आहे, एकदा लावली का ब्रोकरनं ठरवलेल्या मुदतीपर्यंत थांबून राहते, रोज लावायची गरज नाही. लाइन गेली, रेंज गेली, तुम्ही वखर घेऊन वावरात असले, तरी ती आपलं काम करते. एक उणीव आहे तिच्यात: रात्री काही वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी तुमच्या लिमिटच्या खालीच उघडला, तं ट्रिगर होते पण विकल्या जात नाही. म्हणून लिमिट ट्रिगरपेक्षा थोडी खाली ठेवायची, आणि दिवसातून एकदा तरी खातं पाहायचं.

सुटायचं कधी, तं दोनपैकी जे आधी होईल ते: स्टॉपलॉस लागला, नाही तं दिवसाच्या चार्टवर निगेटिव्ह क्रॉसओव्हर पक्का झाला, कॅन्डल बंद झाल्यावर. याच्यात वरचं टोक कधीच सापडत नाही, विकल्यावर पाहाल तं टोकापासून पाच-सात टक्के खालीच विकलेलं असते. चिडायचं नाही. तळातले आणि शेंड्यावरचे पैसे या पद्धतीत मिळतच नाहीत, मधला धांडा तेवढा आपला.

कंपनीचा निकाल कोणत्या तारखेला आहे तेही पाहून ठेवा. निकालाच्या आदल्या दिवशी आलेला क्रॉसओव्हर मी घेत नाही, कारण दुसऱ्या दिवशी काय होईल ते चार्टलाही माहीत नसते.

ऑप्शनवर लावू का?

सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. मॅकडी बँक निफ्टीवर (बँकांच्या शेअरचा निर्देशांक) लावून कॉल-पुट, म्हणजे भाव वर जाईल का खाली यावरचे मुदतीचे ऑप्शन, घेऊ का भाऊ. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला होता, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १ कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. इंट्राडेचाही (त्याच दिवशी घेऊन विकणं) असाच अभ्यास त्याच वर्षी जुलैमध्ये आला होता, २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात. ऑप्शनमध्ये तं आणखी अडचण अशी का मॅकडी उशिरा सांगते आणि ऑप्शन दिवसागणिक झिजते, उशिरा येणारा पाहुणा आणि वितळणारा बर्फ यांची गाठ कशी पडणार. डिलिव्हरीतच राहा, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवा.

डिलिव्हरीतही कापते ते मोजा. घेताना ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर), विकताना पुन्हा ०.१ टक्का, घेताना स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्का, वरून एक्स्चेंजचे चार्ज, जीएसटी, आणि विकलं का डीपी चार्ज (डिमॅटमधून शेअर काढायचा आकार), जो दहा शेअर विकले का हजार, त्या कंपनीमागे त्या दिवसाचा ठरलेलाच कापते. दोन-तीन हजाराचे सौदे केले तं तो डीपी चार्जच नफा खाऊन जाते. आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून याच्यावरही नाही असं धरून चालू नका, आमच्या गावात हा गैरसमज लय आहे. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दर आहे, आधी १५ होता. रिटर्न भरणाऱ्याला ब्रोकरचं टॅक्स स्टेटमेंट दाखवा, तोटा असला तरी दाखवा, तो पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा होऊ शकते.

मंग कापूस-सोयाबीनवर हे चालते का?

हे मले काकानं विचारलं होतं. काकाची जखम जुनी आहे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजाराच्या वर गेला, पुढच्या सालाले काकानं एक क्विंटलही विकला नाही, पुढच्या खोलीत छतापर्यंत भरला, घरातल्या सगळ्याच्या अंगाले खाज, आणि शेवटी पाऊस तोंडावर आला तेव्हा सात-साडेसात हजाराच्या भावानं काढला. "तुझ्या त्या मशीननं तवा सांगतलं असतं का मले?" असं काका म्हणे.

मी काय केलं, ॲगमार्कनेटवर (बाजारभावाची सरकारी साइट) बाजार समितीचे रोजचे भाव मिळतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण, त्यातला सर्वसाधारण भाव घेऊन एक्सेलमध्ये वरचाच हिशोब लावला. चालते, पण लंगडत चालते. बाजार चार दिवस बंद, मंग उघडल्यावर आलेला माल ओलाव्याचा, एक दिवस चांगला माल आला तं भाव चढल्यासारखा दिसते, दुसऱ्या दिवशी फरदडीचा आला तं पडल्यासारखा. शेअर कसा, कोणताही घ्या, सारखाच. कापसाची एक गाडी दुसऱ्या गाडीसारखी नसते. रोजचा सोडून आठवड्याची सरासरी घेतली तं थोडं नीट दिसते, आणि त्यात एवढं तरी कळलं असतं का दहा हजाराची हवा गेलेली आहे, लाइन शून्याच्या खाली जाऊन बसली आहे. पुन्हा येणार का नाही हे त्यात नसते.

सोयाबीनचं आणखी वेगळं. २०२१ मध्ये जुलै-ऑगस्टला भाव दहा हजारांपर्यंत पोचले होते, त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव अर्ध्यावर. त्या वेळी एक्सेलवर तुम्ही काही लावलं असतं तरी दिल्लीचा कागद त्यात दिसला नसता, तो भावात उतरल्यावरच लाइन वळते. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीनं सोयाबीनचे वायदेच बंद केले, सोबत गहू, हरभरा, मोहरी वगैरे, आणि नंतर ती बंदी वाढवत नेली. काकाले मी सांगितलं का मशीन काही सांगत नाही, पण खोली छतापर्यंत न भरता तीन वाट्यात विक, एक वाटा दिवाळीच्या आधी, एक संक्रांतीनंतर, एक ठेव. काका म्हणे, हे तं तुझी आजीही सांगे.

वही

पैसे लावायच्या आधी किमान पंचवीस-तीस सौदे नुसते वहीत करा. मी जुनी शंभर पानी वही घेतली, त्यात आडव्या ओळीत हे लिहितो: तारीख, शेअर, आठवड्याची मॅकडी शून्याच्या वर का खाली, दिवसाचा क्रॉसओव्हर कोणत्या तारखेला, घेतला तो भाव, तळ, किती शेअर, सुटलो ती तारीख आणि भाव, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, नियमानं का मनानं. अर्ध्याहून जास्त ओळी आजही लाल आहेत, पण लाल ओळी आठशेच्या आतल्या आहेत आणि हिरव्यातल्या दोन-तीन मोठ्या आहेत, म्हणून खातं जमिनीच्या वर आहे. सहा हजारवाल्या त्या दोन आठवड्यांच्या ओळीही नंतर बसून काढल्या, ब्रोकरच्या स्टेटमेंटवरून. त्या पानावर शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "मनानं" लिहिलं आहे, आणि एका कोपऱ्यात औषधाचा निळा डाग आहे, तो कसा लागला ते आता आठवत नाही.